आषाढातला पॅन्झर

मॅट वार्निशचा शेवटचा हात मारला तेव्हा रात्रीचे साडेदहा झाले होते. बाहेर पाऊस ओतत होता. सकाळी चहाचा कप घेऊन माडीवर गेलो, तर माझ्या प्लॅस्टिकच्या रणगाड्यावर पांढरी साय धरलेली. कुणीतरी तांदळाची पिठी चाळणीतून भुरभुरावी तशी. आधी वाटलं बुरशी, कारण आमच्याकडे आषाढात चपलेपासून चष्म्याच्या घरापर्यंत सगळ्याला बुरशी येते. बोट फिरवलं तर काहीच निघालं नाही. पांढरेपणा वार्निशच्या आतच होता. सात आठवड्यांचं काम. चहा तसाच गार झाला.

मी रत्नागिरीत एका पतसंस्थेत कॅशियर आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या नोटा मोजायच्या, संध्याकाळी माडीवरच्या खोलीत प्लॅस्टिकचे तुकडे. याआधी दोन विमानं आणि एक जीप केली होती. रणगाडा पहिलाच. दुसऱ्या महायुद्धातला टायगर हा जर्मन रणगाडा सगळेच करतात, म्हणून मी त्याच सैन्याचा पॅन्झर फोर घेतला, एच आवृत्ती, १:३५ प्रमाणातला. टायगर साडेतेराशेच्या आसपासच बनले, पण दरारा त्यांचा. पॅन्झर फोर साडेआठ हजारांच्या घरात बनले, युद्धाच्या पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत राबले, आणि फोटोत मात्र कोपऱ्यात. पतसंस्थेतल्या माणसाला अशी गाडी जवळची वाटते.

१:३५ हा आकडा मला आधी विचित्र वाटायचा. धड चाळिसावा हिस्सा नाही, धड तिसावा नाही. टामिया या जपानी मॉडेल कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा पँथर रणगाडा काढला, तेव्हा मोटर आणि बॅटऱ्या पोटात मावतील एवढा आकार धरला. मागाहून मोजलं तर तो पस्तिसाव्या हिश्शाच्या जवळ निघाला, आणि पुढे सगळ्या जगाने तोच उचलला. बॅटरीच्या मापावर बेतलेलं प्रमाण! सात मीटरची गाडी त्या हिशेबाने वीस सेंटिमीटरची होते, म्हणजे चपातीच्या डब्यावर आरामात बसते.

खोकं उघडलं तेव्हा आई शेजारीच पालेभाजी निवडत होती. झाकणावरचं चित्र बघून म्हणाली, "हिटलरचा ना रे हा? मग कशाला आणलास घरात?"

"आई, हरला तो शेवटी."

"मग ठेव."

पॅन्झर फोरला एका बाजूला आठ चाकं, प्रत्येक चाक जोडीचं. म्हणजे दोन्ही बाजूंच्या मिळून बत्तीस चकत्या, आणि प्रत्येकीच्या कडेवर साच्याची बारीक रेघ. आधी ४०० नंबरचा पॉलिश पेपर, मग ८०० चा. एक चकती, दुसरी चकती, अकरावी झाली की वाटतं आता संपत आलं, आणि तेव्हा एकवीस बाकी असतात. त्यानंतर चाकांवरून फिरणाऱ्या पट्ट्याच्या कड्या. खऱ्या गाडीला एका बाजूला नव्व्याण्णव लागायच्या. मी जोडल्या तेवढ्याच. या दोन कामांत जून महिना गेला. त्याबद्दल आणखी लिहिण्यासारखं काही नाही, केलेल्याला कळेल.

खरी गंमत बाजूच्या पत्र्यांत आली. १९४३ मध्ये जर्मनांनी या गाड्यांच्या दोन्ही अंगांना पातळ पोलादी पत्रे टांगायला सुरुवात केली. त्यांना शुर्त्सेन म्हणतात, म्हणजे झगा किंवा ॲप्रन. पुष्कळांना वाटतं की ते बझुकासारख्या, खांद्यावरून रॉकेट डागणाऱ्या शस्त्रांपासून बचावासाठी होते. मूळ कारण होतं रशियन पायदळाच्या १४.५ मिलिमीटरच्या रणगाडाभेदी रायफली. पॅन्झर फोरच्या कुशीचं चिलखत फक्त ३० मिलिमीटर, जवळून मारलेली गोळी आत जायची. बाहेर पत्रा टांगला की गोळी त्याला लागून वाकडीतिकडी होते आणि चिलखतापर्यंत पोचताना तिचा जोर मोडतो.

अंगाचा हा पत्रा ५ मिलिमीटर जाडीचा. पस्तिसाने भागलं तर ०.१४. किटमधला प्लॅस्टिकचा तुकडा मोजला तर जवळजवळ पाऊण मिलिमीटर, म्हणजे खऱ्या हिशेबात सव्वीस मिलिमीटरचा पत्रा! कडेने बघितलं की झगा नाही, गादी वाटते. बाहेरून तयार पितळी पत्रे मागवता येतात, पण त्यांची किंमत किटच्या निम्म्याला भिडत होती. दोन दिवस घरात जे दिसेल त्याची जाडी मोजत फिरलो. कोल्ड्रिंकचा डबा पातळ पडला. मग एका सहकाऱ्याच्या मुलीची लग्नपत्रिका हातात आली आणि डोक्यात उजेड पडला. ऑफसेट छपाईची प्लेट!

बाजारपेठेतल्या एका प्रेसमध्ये गेलो. मालक म्हणाले, "वापरलेल्या ना? रद्दीत जातात त्या. न्या की चार." ॲल्युमिनियमची प्लेट, कॅलिपर लावला, ०.१५. मला तिथेच नाचावंसं वाटलं. कात्रीने कापली जाते, पेनाच्या मागच्या टोकाने दाबून हव्या तिथे पोचे पाडता येतात, कोपरा झाडाला घासल्यासारखा दुमडता येतो. प्लॅस्टिकला असलं काही जमत नाही. फक्त फेविक्विकने चिकटवताना एकदाच संधी मिळते. पुढच्या पत्र्याच्या आतल्या बाजूला "आमचे येथे श्रीकृपेकरून" एवढी अर्धी ओळ राहिली होती. वाईट वाटलं, पण प्रायमरखाली गेली.

अंगावरचे दोन पत्रे मी लावलेच नाहीत. खऱ्या गाड्यांचे पत्रे कड्यांवर नुसते अडकवलेले असायचे, झाडाझुडपात गळून जायचे. राहिलेले पत्रे आणि ते टांगायच्या रिकाम्या पट्ट्या एकत्र दिसल्या की गाडी कुठून तरी जाऊन आलेली वाटते.

रंगाला हात घातला तेव्हा जुलै लागला होता. फेब्रुवारी १९४३ पासून कारखान्यातून गाड्या गडद पिवळ्या रंगात निघायला लागल्या, त्याआधी काळपट राखाडी असायच्या. वरून मारायचा हिरवा आणि तांबूस तपकिरी रंग घट्ट लेपाच्या रूपात डब्यातून तुकड्यांकडे जायचा. पेट्रोल असलं तर पेट्रोलमध्ये, नसलं तर पाण्यात पातळ करायचा आणि जमेल तसा फवारायचा, नाहीतर कुंच्याने फासायचा. त्यामुळे "अचूक छटा कोणती" यावरून जे भांडतात त्यांच्याकडे मी आता लक्ष देत नाही. एकाच तुकडीतल्या दोन गाड्या एकसारख्या नसतील, तर माझी कुणासारखी असणार?

पिवळा बसला, वरचे हिरवे-तपकिरी पट्टे बसले. चकाकीचा हात मारून त्यावर आकडे आणि क्रॉस चिकटवले. खरखरीत रंगावर ही चित्रं चिकटवली तर खाली हवा अडकून चांदीसारखं चमकतं, म्हणून आधी चकाकी. मग पातळ तपकिरी इनॅमल खाचांत सोडलं. सगळं नीट चाललं होतं. शेवटी ती चकाकी घालवायला मॅट वार्निश फवारलं, आणि सकाळी ती साय.

मी गेलो गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यात. आमच्या आळीच्या टोकाला आहे, जूनपासून तिथे दिवसरात्र दिवे. शाळेचे मालक, त्यांना सगळे अण्णा म्हणतात, पाटावर बसून एका मूर्तीच्या पितांबराची कड ओढत होते. रंग फवारायचा माझा एअरब्रश आणि त्याला हवा देणारा कॉम्प्रेसर त्यांच्याच सल्ल्याने घेतलेला. रणगाडा पुठ्ठ्याच्या खोक्यातून काढून समोर ठेवला. त्यांनी मान वर न करता विचारलं, "रंग फुलला काय?"

"फुलला म्हणजे?"

"पांढरा पडला म्हणजे. काल रात्री मारलास ना? धो धो पावसात?"

त्यांनी समजावलं ते असं. लॅकरच्या वार्निशमधला थिनर भराभर उडतो. उडताना पृष्ठभाग गार करतो, जसा हातावर स्पिरिट लावलं की गार लागतं. हवा आधीच पाण्याने भरलेली, गार जागा मिळाली की ते पाणी रंगावरच बसतं. रंग वाळतो आणि पाणी आत कोंडतं. तोच पांढरेपणा. फर्निचरला पॉलिश करणाऱ्यांना हे पाठ असतं, मला बत्तिसाव्या चकतीनंतरही ठाऊक नव्हतं.

"कॉम्प्रेसरचा पाणी काढतोस काय?"

मी गप्प. टाकीच्या बुडाचा नळ मी घेतल्यापासून एकदाही उघडला नव्हता. घरी येऊन उघडला, तर पाऊण वाटी गंजकट पाणी निघालं. तेही थोडंथोडं रंगातून गाडीवर जात असणार.

अण्णांचं औषध होतं रिटार्डर थिनर, हळू उडणारा. तो अगदी हलक्या धुक्यासारखा फवारायचा, म्हणजे वरचा थर पुन्हा मऊ होतो, कोंडलेलं पाणी निघून जातं आणि मग सावकाश वाळतो. धोका एवढाच की जास्त झाला तर खालचा रंगही उठतो. म्हणून आधी गाडी उलटी करून पोटावर करून बघितलं. हात जड पडला आणि रुपयाएवढ्या जागेतला पिवळा रंग उठून खालचा तांबडा प्रायमर उघडा पडला. दुसऱ्यांदा लांबून मारला. डोळ्यांसमोर साय विरघळत गेली, पिवळा पिवळा झाला, हिरवा हिरवा. त्या दिवशी दुपारी तीन तास ऊन पडलं होतं, खोलीतला आर्द्रतेचा काटा ९१ वरून ७४ वर आला होता. तेवढ्यात काम उरकलं.

शाळेत मूर्ती वाळवायला हॅलोजनचे दिवे लावतात. ते बघून मीही पुठ्ठ्याच्या खोक्यात शंभरचा पिवळा बल्ब लावून गाडी आत ठेवली आणि जेवायला गेलो. वर आलो तर तोफेने मान टाकलेली. शाडूला जे चालतं ते प्लॅस्टिकला चालत नाही! कोमट पाण्यात धरून सरळ केली, ती जवळजवळ सरळ आहे. पुढे चाळीसचा बल्ब, तोही हातभर लांब.

श्रावणात गंजाचं काम काढलं. पुस्तकी गंज आणि खरा गंज यांत फार फरक असतो आणि खऱ्याच्या बाबतीत आम्ही श्रीमंत. १ जूनपासून मासेमारी बंद, मिरकरवाड्याच्या बंदरात होड्या एकमेकींना खेटून उभ्या. होड्या लाकडाच्या, फायबरच्या; पण विंच, नांगर, साखळ्या लोखंडी. पाऊस उघडला की स्कूटर घेऊन जायचो आणि एका विंचसमोर उभा राहायचो. एका खलाशाने दोनदा विचारलं, "काय हरवलाय काय?" गंज नारिंगी असतो हा समज तिथे गेला. नारिंगी फक्त ताजा, काल-परवाचा, पाणी ओघळतं तिथे. जुना गंज काळपट तपकिरी, जवळजवळ जांभळा, आणि जिथे दोर घासतो तिथे पोलाद चकचकीत. चाकांवरचे पट्टे मी तसेच केले. तळ काळपट तपकिरी, जमिनीला लागणाऱ्या कडांवर पेन्सिलीचं शिसं घासलेलं. पूर्ण नारिंगी केलं ते फक्त मागच्या सायलेन्सरचं नळकांडं, कारण तिथला रंग उष्णतेने जळून जायचा. पुट्टी पातळ करून जुन्या ब्रशने टिपली, खडबड आली, वर तीन छटा. अंगावर मात्र गंज जवळजवळ नाहीच. लढाईतल्या गाडीला गंजायला वेळ मिळत नसे, त्याआधीच ती जळत असे.

धुळीत मात्र फसलो. जांभ्या दगडाची तांबडी भुकटी घरात फुकट, चिऱ्याचा तुकडा घासून वस्त्रगाळ केली, चाकांवर मऊ ब्रशने लावली. रंग सुंदर. मुलगी म्हणाली, "बाबा, ही गाडी लांज्याहून आली का?" खरंच, पाली-हातखंबा करून आल्यासारखी दिसत होती. माझी गाडी १९४३ च्या उन्हाळ्यातली, युक्रेनमधली, तिथली माती काळी. सगळं ओल्या ब्रशने काढलं, कोळशाची पूड आणि बाहेरचा तपकिरी रंग मिसळून नवी धूळ केली. जांभ्याचा थोडासा तांबूसपणा एका कडीत राहिलाय. राहू दे.

गणपतीच्या चार दिवस आधी गाडी अण्णांना दाखवायला नेली. शाळेत पाय ठेवायला जागा नव्हती, ते डोळ्यांची आखणी करत होते, त्यामुळे मी दाराशीच थांबलो. एक मूर्ती झाली तेव्हा त्यांनी हात पुसून गाडी घेतली. पत्र्यांवरून नख फिरवलं, सायलेन्सर डोळ्यांजवळ नेला, तोफेकडे बघून हसले. मग सरळ उलटी केली.

"हितं रंग नाय."

रुपयाएवढा तांबडा डाग. मी पार विसरलो होतो.

"अण्णा, खालून कोण बघतो?"

त्यांनी काही उत्तर दिलं नाही. गाडी माझ्या हातात दिली, पातळ कुंचला पाण्यात बुडवला आणि पुढच्या मूर्तीसमोर बसले. मी घरी येऊन पिवळ्याची बाटली शोधली. बाहेर पुन्हा पाऊस लागला होता, म्हणून त्या दिवशी काही लावला नाही.