पुरण सैल झालं तेव्हा

होळीच्या दिवशी सहा माणसांसाठी पुरणपोळी, कटाची आमटी, भात आणि बटाट्याची भाजी असा स्वयंपाक मी पहिल्यांदाच एकट्याने केला. धास्ती होती ती पोळी लाटायची. पण पोळी पोळपाटावर फुटत असली तरी चूक बहुतेक वेळा दोन तास आधी, डाळ निथळताना झालेली असते.

हरभऱ्याची डाळ ४०० ग्रॅम घेतली, तीन पाण्यांनी धुऊन दोन तास भिजवली. पाच लिटरच्या कुकरमध्ये डाळ, दीड लिटर पाणी आणि पाव चमचा हळद घातली. तेल घालायचं राहिलं आणि पहिल्याच शिट्टीबरोबर पिवळं फेसाळ पाणी ओट्यावर आलं. या डाळीला फेस फार येतो, चमचाभर तेलाने तो बसतो. कुकर निम्म्याच्या वर भरायचा नाही, हेही त्यासाठीच. गॅस बंद केला, वाफ पूर्ण जिरू दिली, शिट्टी आणि झाकणाचं भोक धुऊन मोकळं केलं आणि तेल घालून कुकर पुन्हा लावला. चार शिट्ट्या, मग बारीक आचेवर दहा मिनिटं. डाळ बोटांत चेपली की लगदा झाला पाहिजे, मध्ये कणी लागता कामा नये. गूळ पडला की डाळ पुढे नीट शिजत नाही, म्हणून कणी असेल तर कुकर पुन्हा लावायचा, पण गुळाची घाई करायची नाही.

खरी चूक इथे झाली. डाळ चाळणीत निदान वीस मिनिटं निथळायला हवी, मी पाचच मिनिटं दिली. कट जेमतेम तीन वाट्या निघाला, बाकीचं पाणी डाळीतच राहिलं. त्यात ४०० ग्रॅम चिरलेला गूळ घातला. गूळ विरघळला की पुरण आधी पातळ होतंच, वर हे पाणी. एरवी वीस-पंचवीस मिनिटांत आटणारं पुरण चाळीस मिनिटांनीही सैलच होतं. अशा वेळी बेसन किंवा कणीक घालून ते घट्ट करू नये, कच्चट चव लागते. मी पुरण दोन भाग करून पसरट, जाड बुडाच्या कढईत मध्यम आचेवर आटवलं. पसरट भांड्यात वाफ लवकर निघून जाते. पुरण उडतं आणि चांगलंच भाजतं, म्हणून लांब दांड्याचा कालथा हवा आणि हाताला फडकं गुंडाळलेलं बरं. एक भाग बुडाशी लागला. तो खरवडला नाही, वरचं पुरण अलगद दुसऱ्या भांड्यात काढलं, त्यामुळे करपट वास आला नाही.

कालथा मधोमध उभा राहिला की गॅस बंद करायचा. गार झाल्यावर पुरण आणखी आळतं, त्याहून कोरडं केलं तर पोळीत गाठी राहतात. वेलची-जायफळ गॅस बंद केल्यावर घालावं, आणि गरम असतानाच पुरणयंत्रातून काढावं. गार पुरण जाळीतून उतरता उतरत नाही.

दोन वाट्या कणीक, पाऊण वाटी मैदा, मीठ आणि दोन चमचे तेल घालून पीठ भिजवलं होतं, पण चपातीइतकं घट्ट. पहिल्या दोन पोळ्या त्यानेच फुटल्या. पीठ पुरणापेक्षा घट्ट असलं की लाटण्याखाली पुरण पुढे पळतं आणि पारी मागे राहते. दोन्ही सारखंच मऊ हवं. पाण्याचा आणि तेलाचा हात लावत पीठ पंधरा मिनिटं तिंबलं, अर्धा तास झाकून ठेवलं. मग लिंबाएवढी कणीक, तिच्या दुप्पट पुरण, खाली तांदळाची पिठी आणि लाटणं कडेकडेने, हलक्या हाताने. भोक पडलंच तर त्यावर चिमूटभर पिठी दाबायची. तव्यावर गूळ गळाला तर प्रत्येक पोळीनंतर तवा ओलसर फडक्याने पुसायचा, नाहीतर पुढच्या पोळीला काळे डाग पडतात.

आमटीला कट कमी पडला. दोन वाट्या गरम पाणी घालून तो वाढवला. मोहरी, हिंग, कढीपत्त्याची फोडणी, भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं आणि जिऱ्याचं वाटण, दोन चमचे गोडा मसाला, चिंचेचा कोळ, गूळ, मीठ घालून दहा मिनिटं उकळली. पातळ वाटत होती. गूळ घालण्यापूर्वी दोन डाव शिजलेली डाळ बाजूला काढली असती, तर तीच घोटून आमटीला दाटपणा आला असता. शेवटी वाटण थोडं वाढवून काम भागलं.

पोळ्या तेरा झाल्या. फुटलेल्या दोन मोडून दुधात कुस्करल्या, त्या आधी संपल्या. वाटीभर पुरण उरलं. ते झाकून फ्रीजमध्ये ठेवलं, दुसऱ्या दिवशी लाटण्याआधी तासभर बाहेर काढून हाताने मळून मऊ केलं, तेव्हा एकही पोळी फुटली नाही.