तुम्ही विचारलंत म्हणून: पोरीला लॅपटॉप कोणता घेऊ?

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजायला लागतो. बार्शीत मी कॉमर्सच्या मुलांना कॉम्प्युटर शिकवते, त्यामुळे प्रश्न ठरलेला असतो: "मॅडम, पोरीला लॅपटॉप घ्यायचाय, कोणता घेऊ? आणि त्यात ऑफिस टाकून घेऊ ना?" दुसरा प्रश्न, म्हणजे वर्ड-एक्सेल असलेल्या मायक्रोसॉफ्ट ऑफिसचा, लोक जाता जाता विचारतात. मुलं मात्र अडकतात ती तिथेच, म्हणून सुरुवात तिथून करते.

दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलीच्या आईला भिशी लागली. त्या शिवणकाम करतात. भिशीच्या पैशात थोडी भर घालून त्यांनी ४० हजारांचा लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला, "ऑफिस टाकून देतो, लाइफटाइम." प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री वर्डमध्ये परवाना नसल्याची लाल पट्टी आली. फाइल उघडत होती, वाचता येत होती, पण एक अक्षर बदलता येईना. साडेदहा वाजता मायलेकी माझ्या दारात उभ्या. आईचा चेहरा असा, की जणू चूक त्यांचीच झाली होती.

मी पाहिलं तर अँटिव्हायरससुद्धा बंद केलेला. ऑफिसचा परवाना चोरून भरणाऱ्या अ‍ॅक्टिव्हेटरला अँटिव्हायरस अडवतो, म्हणून आधी तोच बंद करून टाकतात. याच लॅपटॉपवरून ती मुलगी आईचे बँकेचे व्यवहार करत होती. मला त्या रात्री खरा राग आला तो याचा.

तेवढ्या वेळात करता येण्यासारखं एकच होतं. पेनड्राइव्हवरून लिब्रेऑफिस, म्हणजे ऑफिससारखंच काम करणारं फुकट सॉफ्टवेअर, टाकलं आणि तिची फाइल त्यात उघडली. कॅलिब्री फॉन्टच्या जागी कार्लिटो आला. त्याच्या अक्षरांची रुंदी कॅलिब्रीइतकीच ठेवलेली असल्यामुळे ओळी आणि पानं हलली नाहीत. बारा वाजता पीडीएफ तयार होती. लॅपटॉपची साफसफाई दुसऱ्या दिवशी केली, विंडोज नव्याने टाकून.

लिब्रेऑफिस फुकट आहे म्हटलं की पालकांना ते कमअस्सल वाटतं. तसं नाही. ओरॅकलने सन कंपनी विकत घेतल्यावर, सप्टेंबर २०१० मध्ये, सनच्या ओपनऑफिस या तशाच फुकट सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या बऱ्याच जणांनी वेगळं होऊन द डॉक्युमेंट फाउंडेशन उभं केलं, आणि लिब्रेऑफिस त्यातून आलं. पत्रं-प्रोजेक्टसाठी रायटर, हिशेबासाठी कॅल्क, सादरीकरणासाठी इम्प्रेस. मेनू मराठीत करून घेता येतात. एक्सेलमध्ये शिकवतात ते व्हीलुकअप, सम-इफ, पिव्हट टेबल हे सगळं कॅल्कमध्ये आहे. टाकल्या टाकल्या एक काम करा: सेटिंगमध्ये 'लोड/सेव्ह' या भागात जाऊन फाइल नेहमी वर्डच्या डॉकएक्स प्रकारात सेव्ह होईल असं ठरवून ठेवा. नाहीतर ती ओडीटी प्रकारात जाते आणि कॉलेजच्या कॉम्प्युटरवर मुलं गोंधळतात.

उणीवही सांगते. एक्सेलमधले मॅक्रो, म्हणजे तीच ती कामं आपोआप करणाऱ्या छोट्या सूचना, कॅल्कमध्ये नीट चालतीलच असं नाही. मुलगी सीएच्या कार्यालयात आर्टिकलशिपला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाला, जाणार असेल तर खरं एक्सेल हाताखालून गेलेलंच बरं. पण त्यासाठीही चोरीचं नको. कॉलेजने विद्यार्थ्यांना मायक्रोसॉफ्टशी जोडलेला ईमेल दिला असेल, तर ऑनलाइन ऑफिस त्यात फुकट मिळतं. तसा ईमेल नसला तरी मायक्रोसॉफ्टच्या साध्या खात्यावर ब्राउझरमधलं वर्ड-एक्सेल चालतं, सोबत फाइली ठेवायला ५ जीबी ऑनलाइन जागा मिळते. आणि बरेच नवे लॅपटॉप ऑफिसच्या कायमच्या परवान्यासह येतात. दुकानात आधी ते विचारा, आणि असेल तर मुलीच्या स्वतःच्या खात्यात चालू करून घ्या. दुकानदाराच्या खात्यात चालू केलं की ते तुमचं राहत नाही.

मराठी टायपिंगसाठी विंडोजमधलाच मराठी फोनेटिक कीबोर्ड पुरेसा आहे. कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्याकडे तो फॉन्ट नसेल तर निव्वळ चिन्हांचा ढीग दिसते. विंडोजचा हा कीबोर्ड युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, टाइप करतो; त्यात ही अडचण येत नाही.

आता लॅपटॉप. ब्रँडवर मी भांडत नाही. रॅम ८ जीबीच्या खाली नको, १६ मिळाली तर उत्तम. ८ च घेत असाल तर रॅम वाढवायला जागा आहे का ते विचारा, कारण हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच जोडलेली असते. फाइली साठवायची डिस्क एसएसडी प्रकारची, ५१२ जीबी. स्क्रीन फुल एचडी. कॉमर्सला टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येतं आणि टॅली विंडोजवर चालतं, म्हणून विंडोज नसलेलं क्रोमबुक घेऊ नका. टॅली शिकण्यापुरतं फुकट वापरता येतं. एज्युकेशनल मोडमध्ये महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच नोंदी करता येतात, पण शिकायला तेवढं पुरतं.

जुना घेणार असाल तर जास्त सावध राहा. विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून येणारे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ इंटेलच्या साधारण आठव्या पिढीच्या प्रोसेसरपासून पुढे चालतं. दुकानात नुसतं "आय ५ आहे" एवढंच सांगतात. स्टिकरवर विसंबू नका, सेटिंगमध्ये प्रोसेसरचा पूर्ण नंबर बघा. आय ५-६३०० यू म्हणजे सहावी पिढी, तो सोडा. आय ५-८३५० यू म्हणजे आठवी, तो चालेल. कंपन्यांमधून निघालेले, आठव्या पिढीचा प्रोसेसर असलेले लेनोव्होचे थिंकपॅड टी ४८० किंवा डेलचे लॅटिट्यूड ५४९० चांगल्या स्थितीत मिळाले तर मी डोळे झाकून नव्या हलक्या लॅपटॉपच्या आधी ते घेईन. दोन्हींत रॅम वाढवता येते आणि कीबोर्ड दणकट असतो. बॅटरी बदलावी लागेल, तो खर्च आधीच धरून ठेवा.

त्या मुलीचं यंदा बीकॉम झालं. धाकट्या भावासाठी लॅपटॉप बघायला गेली तेव्हा तिने दुकानातूनच मला फोन केला आणि प्रोसेसरचा नंबर वाचून दाखवला. तुम्हीही तसंच करा. पैसे देण्याआधी.