सेटॉकेटचे हेर आणि आजची अमेरिका

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर सेटॉकेट नावाचे गाव आहे. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातील हेरांविषयी येथील माणसे घरच्या पूर्वजांबद्दल बोलावे तशा आपुलकीने बोलतात. मात्र सीआयए किंवा एनएसए या आजच्या सरकारी गुप्तचर संस्थांचा विषय निघाला की त्यांचाच सूर बदलतो. आमच्या शेजारचे निवृत्त शिक्षक तर सरकारने आपली टपाले फोडली, हे पन्नास वर्षांनंतरही संतापाने सांगतात.

१७७८ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या सांगण्यावरून त्याच्या सैन्यातील अधिकारी बेंजामिन टॉलमॅजने या गावातील आपल्या ओळखीच्या माणसांना घेऊन ‘कल्पर’ हे हेरजाळे उभे केले. इंग्रजांच्या ताब्यातील न्यूयॉर्क शहरात रॉबर्ट टाउनसेंड हा व्यापारी सैन्याच्या हालचाली टिपून ठेवी, खानावळ चालवणारा ऑस्टिन रो सामान आणण्याच्या निमित्ताने घोड्यावरून जाऊन ते कागद गावी आणी, आणि तेथून केलेब ब्रूस्टर ते होडीने खाडीपलीकडे कनेक्टिकटला पोहोचवी. मजकूर अशा अदृश्य शाईने लिहिलेला असे, की दुसरे द्रावण फिरवल्याशिवाय अक्षर उमटत नसे. टॉलमॅजच्या सांकेतिक कोशात ७६३ क्रमांक होते आणि त्यांतला ७११ म्हणजे स्वतः वॉशिंग्टन. अ‍ॅना स्ट्राँग वाळत घातलेल्या कपड्यांतून खुणा करीत असे, असेही गावकरी सांगतात. त्याला लेखी पुरावा नाही. टाउनसेंडने आपले गुपित १८३८ मध्ये मरेपर्यंत जपले, आणि हस्ताक्षर जुळवून त्याची ओळख पटली ती थेट विसाव्या शतकात. पकडले गेल्यास फाशी ठरलेली असताना या साध्या माणसांनी जे केले, त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

त्याच पिढीने १७९० मध्ये राष्ट्राध्यक्षाला गुप्त कामासाठी तपशील उघड न करता पैसा खर्च करण्याची मुभा दिली, आणि १७९१ मध्ये चौथ्या घटनादुरुस्तीने नागरिकाच्या घराची व कागदपत्रांची मनमानी झडती घेण्यास सरकारला मज्जावही केला. इंग्रज अधिकाऱ्यांच्या सरसकट झडत्या त्यांनी सोसल्या होत्या. त्यामुळे हेरांचा अभिमान आणि हेरखात्याविषयीचा संशय यांत मला विसंगती दिसत नाही: कल्परची माणसे परक्या फौजेवर नजर ठेवून होती, तर सिनेटर फ्रँक चर्च यांच्या समितीने १९७५-७६ मध्ये उघड केले ते स्वदेशीयांची पत्रे उघडण्याचे आणि तारा वाचण्याचे प्रकार. त्यातून गुप्त पाळतीला वेसण घालणारा १९७८ चा ‘फिसा’ कायदा आणि अशा पाळतीची परवानगी देणारे विशेष न्यायालय आले; तरीही कोट्यवधी अमेरिकनांच्या फोनच्या नोंदी जमा होत असल्याचे २०१३ मध्ये एनएसएची गुप्त कागदपत्रे फोडणाऱ्या एडवर्ड स्नोडेनमुळे कळलेच.

आपल्या लोकांच्या दृष्टीने यातला महत्त्वाचा भाग वेगळाच आहे. त्याच कायद्यात २००८ मध्ये घातलेल्या ‘कलम ७०२’ नुसार अमेरिकेबाहेरच्या परकीय व्यक्तीवर परराष्ट्रविषयक माहितीसाठी पाळत ठेवायला स्वतंत्र वॉरंट लागत नाही. म्हणजे पुण्यात किंवा साताऱ्यात बसलेल्या माणसाला चौथ्या घटनादुरुस्तीचा आधार नाही, आणि अशी पाळत असलेल्या व्यक्तीशी अमेरिकेतून कोणी बोलले तर त्याचे बोलणेही जमा केलेल्या माहितीच्या साठ्यात जाते. त्या साठ्यात अमेरिकनांचा शोध घेण्यापूर्वी वॉरंट सक्तीचे करावे, ही दुरुस्ती एप्रिल २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहात मतदानाला आली. दोन्ही बाजूंना २१२ मते पडली आणि बरोबरी झाल्याने ती दुरुस्ती फेटाळली गेली.