एक दिवसाआड

पुण्यात नळाला पाणी येतं. इंदूरमध्ये नळ येतात. "नल आ गए" ही इथली हिंदी, आणि तिचं आमच्या घरातलं मराठी म्हणजे "नळ आले". पाहुणे यावेत तसे, तेही अनेकवचनात. ताई लग्न होऊन पुण्याला गेली तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासरच्या स्वयंपाकघरातून "अगंबाई, नळ गेले वाटतं!" म्हणून ओरडली, आणि तिचा दीर कोणी चोरून नेले की काय ते बघायला धावला. आमच्या मराठीची पुण्यात होणारी थट्टा हा वेगळा विषय आहे, त्यात आत्ता शिरत नाही.

तर नळ येतात, आणि एक दिवसाआड येतात. रामबागेतल्या आमच्या गल्लीत पहाटे साडेचारच्या सुमारास, तासभर. या तासाची मालकी पन्नास वर्षं आईकडे होती. रात्री झोपण्यापूर्वी ती मागच्या दारच्या हौदावरचा नळ उघडा ठेवायची आणि त्याखाली जर्मनचं एक पातेलं पालथं घालायची. पाइपात दोन दिवसांची हवा कोंडलेली असते, त्यामुळे नळ आधी खोकतो. मग फुसफुसतो. मग दोन-चार थेंब पातेल्याच्या बुडावर पडतात, टण्, टण्, आणि मग एकदम धार. आई खोकण्यावरच उठायची. टण् ऐकू येईपर्यंत अंथरुणात राहणं तिच्या लेखी आळस. मग पातेलं कशाला, असं विचारलं तर म्हणायची, "मी वाईला गेले तर तुम्हाला ऐकू यावं म्हणून." ती वाईला जायची तेव्हा पातेलं वाजायचं, पण उठायचं कोणीच नाही.

भरण्याचा क्रम ठरलेला. पहिली दोन मिनिटं पाणी जास्वंदीला सोडायचं, कारण ते गढूळ असतं. मग तांब्याचा हंडा, तोंडाला फडकं बांधून. मग कळश्या, मग पिंप, मग हौद, आणि सगळ्यात शेवटी मोटर लावून वरची टाकी. परवाचं उरलेलं पिण्याचं पाणी 'शिळं' म्हणून तुळशीला जायचं. पाणी शिळं होत नाही गं आई, असं मी एकदा विज्ञानाचा आधार घेऊन सांगून बघितलं. "दोन दिवसांची पोळी खातोस का?" तिने विचारलं. खातो म्हटलं असतं तर परत ती खायला मिळाली असती, म्हणून गप्प बसलो.

भिंतीवरच्या कालनिर्णयावर, दुधाचे खाडे आणि गॅसच्या टाकीची तारीख यांच्या शेजारी, ती लाल रिफिलने छोटासा 'न' काढायची. महिन्याच्या पहिल्या तारखेलाच सगळा महिना भरून टाकायची. यात एक मेख आहे. विषम तारखांना नळ येत असतील आणि महिना तीसचा असेल, तर पुढच्या महिन्यातही विषमच राहतात. महिना एकतीसचा असला की नळ एकतीसला येऊन जातात, पहिली तारीख कोरडी जाते आणि पुढचा सगळा महिना सम होतो. आईचं शिक्षण मॅट्रिक, पण हा हिशोब तिचा कधी चुकला नाही. माझी नोकरी आकडेमोडीची. माझं पुढे सांगतो.

ती वाईची. माहेरी कृष्णा दारापासून हाकेच्या अंतरावर, घाटाच्या पायऱ्या उतरलं की पाणी. 1971 साली लग्न होऊन इंदूरला आली तेव्हा इथे नर्मदा पोचली नव्हती. यशवंत सागरचं नि बिलावली तलावाचं पाणी यायचं ते पुरायचं नाही, विहिरीवर रांगा लागायच्या. "नदी नसलेल्या गावात दिली मला," हे तिचं पहिल्या सात वर्षांतलं पालुपद. तसं म्हटलं तर राजवाड्याजवळ छत्र्यांच्या पायाशी नदी होती, पण तिला नदी म्हणायला आई तयार नव्हती. मग 1978 साली नर्मदेचं पाणी आलं. घरात आलं त्या दिवशी आईने नळाला हळदकुंकू वाहिलं आणि त्याची ओटी भरायला निघाली. आजीने अडवलं. नर्मदा कुमारिका, तिची कसली ओटी भरतेस, फार तर हिरव्या बांगड्या घाल म्हणाली. त्यावर आईने म्हणे सासूला पहिल्यांदा उलट उत्तर दिलं: "एवढ्या गावाची पोरंबाळं पाजणार ती, कुमारिका कसली?" ओटी भरली. खण नळाला बांधला, तांदूळ मोरीत सांडले, नारळ काही नळावर राहीना म्हणून बादलीत ठेवला. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो. मला यातलं काही आठवत नाही, तरी बादलीतला नारळ डोळ्यांसमोर दिसतो.

आई गेली अठरा जानेवारीला रात्री. आजारपणाबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. अकरा दिवस हॉस्पिटल, मग घरी आणली, मग चार दिवस.

एकोणीस तारखेला 'न' होता. पहाटे आम्ही सगळे बाहेरच्या खोलीत सतरंजीवर बसलो होतो, आईपाशी समई होती, आणि नळाचं कोणाच्या डोक्यातही नव्हतं. पातेलं कोणी पालथं घातलं नव्हतं. समोरच्या भाभी दारात आल्या, थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या आणि अपराध केल्यासारख्या हळूच म्हणाल्या, "भैया, नल आ गए हैं." माणसं येणार होती, पाणी लागणार होतं. त्यांनीच पदर खोचला. गल्लीतल्या आणखी दोघी आल्या, माझी बायको उठली, आणि चौघींनी हाताला लागेल ते भांडं नळाखाली लावलं. आधी पिंप, मग बादल्या, मग पातेली, कळशी मध्येच कुठेतरी. जास्वंदीला द्यायचं पहिलं गढूळ पाणी पिंपात गेलं. मी दारात उभा राहून बघत होतो, आणि घशाशी एकच वाक्य आलं होतं: आधी हंडा. ते काही बाहेर पडेना. हंडा सगळ्यात शेवटी भरला, तोही फडकं न बांधता. तोपर्यंत मी रडलो नव्हतो.

त्याच पाण्याने आईला शेवटची आंघोळ घातली.

पुढचे दिवस तुम्हाला माहीत आहेत, सगळीकडे सारखेच असतात. सांत्वनाला येणारी माणसं फार चांगली असतात. "तुम्ही नशीबवान, सेवा घडली," म्हणतात, आणि मग काय बोलायचं ते न सुचून इंदूर किती बदललं यावर येतात. आमच्याकडे सुतकात आल्या-गेल्याला चहा विचारत नाहीत, पाणी मात्र द्यावंच लागतं. दिवसाला साठ-सत्तर फुलपात्री. एकवीस तारखेला अस्थी आणायच्या होत्या, आदल्या रात्री सगळे मेल्यासारखे झोपले (हा शब्द त्या दिवसांत सारखा तोंडात यायचा आणि सारखा गिळावा लागायचा), आणि नळ येऊन गेले. भरल्या घरात दुपारी तीन वाजता टाकीचा तळ दिसला. टँकर मागवला. आईच्या हयातीत आमच्या दाराशी टँकर कधी उभा राहिला नव्हता. ताई खिडकीतून बघत म्हणाली, "हिने पाहिलं असतं तर आज खरी गेली असती."

चोवीसला आम्ही अस्थी घेऊन खेडीघाटला गेलो. सिमरोल, भेरूघाट, बडवाह. कलश ताईच्या मांडीवर होता आणि प्रत्येक वळणावर ती दुसरा हात त्याच्या तोंडावर धरायची, लहान मुलाच्या डोक्यावर धरतात तसा. नावेतून मध्यापर्यंत गेलो. नावाडी "नर्मदे हर" म्हणाला, आम्हीही म्हणालो. आईने जिची ओटी भरली होती तिच्या ओटीत आईला घातलं. राख वरच्यावर थोडी रेंगाळली, पसरली, नि पुलाच्या सावलीत शिरल्यावर दिसेनाशी झाली.

रात्री घरी पिठलं-भात झाला. कोणी फारसं बोलत नव्हतं. माझा मुलगा मोबाइलवर नकाशा उघडून बसला होता. मी ओरडणारच होतो, तेवढ्यात तो म्हणाला, "बाबा, आपलं पाणी जलूदहून येतं ना?"

"हो."

"जलूद मंडलेश्वरपाशी आहे."

"असेल. मग?"

"म्हणजे खेडीघाटाच्या खाली."

माझ्या हातात पाण्याचं भांडं होतं. नर्मदा अमरकंटकाहून निघते नि पश्चिमेला खंभातच्या आखाताकडे जाते. वाटेत आधी ओंकारेश्वर, मग खेडीघाट, मग मंडलेश्वर, मग महेश्वर. मंडलेश्वरजवळच्या जलूद गावी तिचं पाणी उचलतात, शुद्ध करतात, पंपांनी टप्प्याटप्प्याने विंध्याचा चढ चढवतात, आणि वर वांचू पॉइंटला पोचलं की ते उताराने इंदूरकडे येतं. सत्तर किलोमीटर. एवढं भूगोलाचं ज्ञान मला होतं. सकाळी आईला घेऊन जाताना मात्र ते कुठे गेलं होतं कोण जाणे.

"पुरे," बायको म्हणाली.

"आई, पण फिल्टर होतं गं," मुलगा गडबडून म्हणाला, आणि त्याने परिस्थिती आणखी बिघडवली. जन्मभर फडकं बांधून पाणी गाळणाऱ्या बाईला आता कोणीतरी गाळून घेणार होतं. गुडघ्यांमुळे तिला चार वर्षं गच्चीचा जिना चढता आला नव्हता. तिला आता नर्मदेच्या काठापासून साडेपाचशे मीटर उंचीवरच्या इंदूरपर्यंत चढून यायचं होतं. आणि पोचायचं कुठे, तर मागच्या दारच्या हौदावर, पहाटे साडेचारला.

कोणाला काही बोलवेना. मग ताईने, लहानपणी नक्कल करून आईचा मार खायची अगदी त्याच आवाजात, कमरेवर हात ठेवून विचारलं, "म्हणजे मेल्यावरही पाणी मीच भरायचं का?"

आम्ही हसलो. सुतकाचा सहावा-सातवा दिवस, घरात दिवा तेवत होता, आणि आम्ही डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. समोरच्या भाभींनी खिडकी उघडून पाहिलं आणि हे हसणं आहे की दुसरं काही ते न कळून बंद केली.

हातातलं भांडं मी तोंडाला लावलं. ते तेवीसचं पाणी होतं, म्हणजे आईच्या आधीचं. असा हिशोब मनात केला आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

त्या रात्री जर्मनचं पातेलं मी पालथं घातलं. झोप नव्हतीच, पण खोकण्यावर मात्र उठलो नाही. तो कान मला नाही. टण् झाल्यावर उठलो. पहिली दोन मिनिटं जास्वंदीला. मग हंडा. फडकं बांधताना लक्षात आलं की आई गाठ डावीकडे मारायची. फडक्याच्या त्या टोकाला तशी घडीच पडली होती. जानेवारीतल्या पहाटे ताज्या नळाचं पाणी कोमट लागतं. धारेखाली हात धरून मी थोडा वेळ उभा राहिलो. पन्नाशीच्या माणसाने पहाटे अंधारात नळाखाली हात धरून काय उभं राहायचं असतं, असं कोणी विचारलं असतं तर पाणी आलंय का बघतोय, असं सांगायची तयारी होती. कोणी विचारलं नाही.

कालनिर्णयावर जानेवारीचे 'न' आईने आधीच काढून ठेवले होते. ती गेल्यावरही ते चालूच राहिले. तेवीस, पंचवीस, सत्तावीस. एकतीसला शेवटचा. तेरावा उरकला, ताई पुण्याला गेली, आणि मी फेब्रुवारीचं पान उघडून लाल रिफिलने 'न' काढायला घेतले. एक, तीन, पाच, सात. सगळा महिना भरून टाकला. एक तारखेच्या पहाटे पातेलं वाजलं नाही. तीनलाही नाही. मी महापालिकेला, पाइपलाइनला नि एकूण व्यवस्थेला नावं ठेवत होतो, तेव्हा भाभी समोरून म्हणाल्या, "भैया, नल तो कल आए थे." जानेवारी एकतीसचा असतो. मग सगळे 'न' खोडून शेजारच्या चौकटींत नवे काढले. ते पान असं काही गिचमिड झालं की दुधाचे खाडे त्यात हरवले आणि त्या महिन्यात भय्याने सांगितले तेवढे पैसे दिले. जानेवारीचं पान मी फाडलं नाही. मागे दुमडून ठेवलंय.

कोरड्या दिवशी मी बराच बरा असतो. ऑफिस, भाजी, संध्याकाळी छप्पन दुकानला एखादा चक्कर. ज्या रात्री पातेलं घालायचं असतं त्या दिवशी दुपारपासूनच काहीतरी वेगळं वाटायला लागतं. बायकोला ते कळतं. ती एवढंच म्हणते, "आज नळ आहेत ना?"

ताईचा फोन सकाळी येतो. पूर्वी ती आईला फोन करायची तेव्हा पहिला प्रश्न असायचा, "नळ आले का?" पुण्यात चोवीस तास पाणी असलेल्या बाईला इंदूरच्या नळांची काळजी, यावरून आम्ही तिला चिडवायचो. आता ती मला विचारते, पण वाक्य बदललंय. मुलांसमोर किंवा ऑफिसात असलो तर मी नुसतं हो किंवा नाही म्हणतो, ऐकणाऱ्याला काही कळत नाही.

काल तिचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो.

"आई आली का?"

"आज नाही. उद्या."

"बरं," ताई म्हणाली. "मग उद्या करते."