माय गेली

पणजीले आम्ही सगळे मायच म्हणायचो. परवा तेरवी झाली अन घर एकदम सुनं वाटून राहिलं. कापूस वेचून वेचून तिच्या बोटांची टोकं पार खरबडीत झाली होती, वाळलेल्या बोंडाची टोकं टोचतात ना, पण त्याच हातानं ती डोक्याले तेल लावायची अन मले लगेच झोप लागायची. तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, त्याच्या आधी तिनं मोझरीले त्यांची खंजिरी ऐकलेली, ते सांगताना ती दरवेळी ताटलीवर ठेका धरायची. काल मोबाईलमध्ये तिचा १२ सेकंदांचा व्हिडिओ सापडला, "जेवला का रे बाप्पा" एवढंच म्हणते. रात्रभर तोच लावून पाहत बसलो.