ती चार वर्तुळं मी फळ्यावर का काढत नाही

तुम्ही विचारलंत म्हणून. माझ्या जपानीच्या दर नव्या बॅचमध्ये कुणीतरी विचारतंच: "मॅडम, इकिगाई कसं शोधायचं ते शिकवा ना, ती चार वर्तुळं काढून." आवडतं काय, जमतं काय, जगाला हवं काय, पैसे कशाचे मिळतात, चारही जिथे एकमेकांवर येतात तिथे तुमचं इकिगाई. मी विषय बदलते. मग कानावर येतं, मॅडमना ते येत नसेल. येतं. तीन वर्षं मी कंपन्यांमध्ये जाऊन, मानधन घेऊन तेच शिकवलं आहे.

वर्तुळांचं आधी मिटवते. ती जपानची नाहीत. आंद्रेस झुझुनागा या स्पॅनिश ज्योतिषाच्या आकृतीत मधोमध 'उद्दिष्ट' होतं. २०१४ मध्ये ब्लॉगलेखक मार्क विन यांनी त्या जागी 'इकिगाई' हा शब्द बसवला आणि आकृती जगभर फिरली. जपानीत 'इकि' म्हणजे जगणं आणि 'गाई' म्हणजे त्याचं मोल. आपण 'जन्माचं चीज झालं' म्हणतो, त्यातलं चीज. नातवंडाची वाट बघणं इकिगाई असू शकतं, कुंडीतलं रोपसुद्धा. त्यासाठी पगार लागत नाही.

पुन्हा पुन्हा विचारणाऱ्यांना मी एवढंच सांगते. ते खरं आहे, पण माझं कारण अप्पांपाशी आहे.

अप्पा मिरजेत शिंपीकाम करायचे. घराची पुढची खोली हेच दुकान. २०१६ मध्ये त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. बोलणं महिन्याभरात परतलं, हात परतला नाही. मशीनवर आईने चादर टाकली. पाच महिने झाले तरी ते भिंतीकडे तोंड करून पडून असायचे. मी दर शनिवारी पुण्याहून जायची आणि रविवारी रात्री परतायची. एका रविवारी मी ठरवलं, आज अप्पांना उठवायचं. जे परक्यांना शिकवते ते घरच्यांना का नाही?

कागद सापडेना, म्हणून त्यांची मापवही घेतली. शेवटच्या गिऱ्हाइकाच्या छाती-कंबर-बाहीच्या आकड्यांनंतरचं पान कोरं होतं. त्यावर बांगडी ठेवून चार वर्तुळं काढली. त्या वहीला घरात कुणी हात लावत नसे, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. अप्पा काही बोलले नाहीत. पहिलं वर्तुळ, काय आवडतं? "चहा," म्हणाले. मी लिहिलं. मग दुसरं. तोंडातून सहज गेलं, "अप्पा, तुमचा हात कशावर बसलाय?"

त्यांनी डाव्या हाताने उजवा हात उचलला, आणून त्या पानावर ठेवला. "हा बघ. बसला."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि परत आत गेली. मी तो हात उचलून बाजूला ठेवायला हवा होता की तसाच राहू द्यायला हवा होता, ते मला कळेना. किती वेळ तो तिथेच होता. मग मी साडेपाचची बस पकडली.

तेव्हाची मी म्हणेल, हेतू चांगला होता. होता का? मला अप्पांनी उठून बसावं असं वाटत होतं ते माझे शनिवार-रविवार मोकळे व्हावेत म्हणूनही. आज हे लिहिते आहे, त्या दिवशी स्वतःशीही कबूल केलं नव्हतं.

त्यानंतर मी मिएको कामिया वाचल्या. आधीच वाचायला हव्या होत्या. जपानी शिकवणारीला सबब नाही. कामिया मनोविकारतज्ज्ञ. ओकायामाजवळच्या नागाशिमा बेटावरच्या कुष्ठरुग्णालयात त्यांनी काम केलं आणि १९६६ मध्ये इकिगाईवर पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं ते असं: आजार सौम्य असलेली माणसंही दिवस नुसता वाया जातो म्हणत होती, आणि त्याच बेटावर काहींना जगण्याची विलक्षण ओढ होती. तिथे डोळे आणि बोटांची संवेदना दोन्ही गेलेले रुग्ण ब्रेल जिभेने वाचायला शिकले. अंध रुग्णांचा हार्मोनिकाचा वाद्यवृंद होता. हे वाचताना मला पानावरचा तो हात दिसत होता.

पण तिथेही मी अडते. त्या माणसांना कायद्याने बेटावर डांबलं होतं. मुख्य भूमीला जोडणारा पूल १९८८ मध्ये झाला, कायदा १९९६ मध्ये रद्द झाला. डांबण्याविरुद्ध कामिया पुरेशा बोलल्या नाहीत, अशी टीका त्यांच्यावर झाली. मला ती टीका पटते आणि पुस्तकही सोडवत नाही. ज्याचं दार बंद आहे त्याला आतल्या आत अर्थ शोध म्हणणं, हे मीही केलं होतं.

अप्पा पुढे दोन वर्षं होते. एका शनिवारी मी घरी गेले तर ते उठून बसले होते. मेलेल्या हाताखाली जुना सदरा दाबून धरला होता आणि डाव्या हाताने ब्लेडने शिवण उसवत होते, एकेक टाका, कापडाला इजा न करता. "काय करताय?" विचारलं. "वेळ जातोय," म्हणाले. मला इतका आनंद झाला की कितीतरी वर्गांत मी तो प्रसंग सांगितला: हे बघा, हे इकिगाई.

मग एका रात्री कामियांची ती पानं पुन्हा चाळताना थांबले. दिवस नुसता जातो, हीच तर त्या रुग्णांची तक्रार होती. अप्पांचीही तीच होती का? त्यानंतर तो प्रसंग सांगणं मी बंद केलं. "वेळ जातोय" हे ते कोणत्या स्वरात म्हणाले होते, खूप आठवून बघते. आठवत नाही.