गोटीला फुटलेले पैलू

मुलांसाठीच्या विज्ञान कार्यशाळेत मी तुरटीचे स्फटिक वाढवायचा उपक्रम बरीच वर्षं घेते. गरम पाण्यात मावेल तेवढी तुरटी विरघळवायची, द्रावण गाळून निवू द्यायचं. त्यातलं थोडं बशीत ठेवलं की तळाशी बारीक स्फटिक धरतात. त्यातला एक नीटस निवडून नायलॉनच्या दोऱ्याला बांधायचा आणि पूर्ण निवलेल्या द्रावणात अधांतरी सोडायचा. द्रावण कोमट असेल तर हे बीज, म्हणजे बांधलेला बारका स्फटिक, त्यातच विरघळून जातं. बरणीवर कागद झाकून ती घरातल्या एखाद्या शांत कोपऱ्यात ठेवली की पुढचं काम उडणारं पाणी करतं. मुलांनी फक्त बरणीला हात लावायचा नसतो, आणि तेच त्यांना सगळ्यांत जड जातं.

मीठ का नाही, असं पालक हमखास विचारतात. मीठही चालतं, पण निवल्यावर काही घडेल अशी वाट बघू नये. १०० ग्रॅम पाण्यात २० अंशांना सुमारे ३६ ग्रॅम मीठ विरघळतं आणि उकळत्या पाण्यात जेमतेम ३९. गरम करून फायदा जवळजवळ नाहीच. पाणी उडण्याचीच वाट बघायची. तुरटीचं तसं नाही, ती गरम पाण्यात कितीतरी जास्त विरघळते. मोरचुदाचे निळे स्फटिक दिसायला देखणे, पण ते विषारी असल्यामुळे लहान मुलांच्या हाती मी देत नाही.

शेवटच्या दिवशी सगळे आपापले स्फटिक घेऊन येतात. त्या दिवसासाठी मी जाड पुठ्ठ्याला १०९.५ अंशांची खाच कापून ठेवते. तुरटीचा स्फटिक अष्टफलक, म्हणजे आठ त्रिकोणी पैलूंचा असतो, आणि त्याचे शेजारचे दोन पैलू त्या कोनात मिळतात. स्फटिक वाटाण्याएवढा असो की लिंबाएवढा, वाकडा वाढलेला असो की सरळ, खाच बसतेच. एकाच पदार्थाच्या स्फटिकांत हे कोन बदलत नाहीत, हे निकोलस स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने १६६९ मध्ये लिहून ठेवलं. मुलं एकमेकांचे स्फटिक हिसकावून खाच लावून बघतात. एरवी ‘सगळ्यांत मोठा कुणाचा’ एवढ्यावरच भांडण चालतं, त्यापेक्षा हे मला बरं वाटतं.

त्या दिवशी पाचवीतल्या एका मुलीने बरणी पुढे केली आणि म्हणाली, “ताई, माझा बिघडलाय.” तिला अष्टफलक नकोच होता, गोटी हवी होती. म्हणून छान वाढलेला स्फटिक तिने दोऱ्यासकट पॉलिश पेपरवर घासून गोल केला आणि पुन्हा द्रावणात सोडला. “मी गोल केला होता, पण हा परत चपटा व्हायला लागला!”

मी स्फटिक उजेडात धरला. गोलाच्या अंगावर चकचकीत सपाट ठिकाणं उमटली होती. काही मोठी, त्रिकोणाकडे झुकलेली. त्यांच्या मधे काही चिंचोळ्या पट्ट्या. खाच अजून धड बसेना, कारण शेजारचे पैलू एकमेकांना भिडलेच नव्हते. मी ठरवलेलं सादरीकरण तिथेच थांबवलं.

असं का होतं? भिंत रचताना वीट कोपऱ्यात बसवली तर तिला दोन-तीन बाजूंनी आधार मिळतो. सपाट भिंतीवर ती नुसतीच टेकते. द्रावणातल्या कणांचंही तसंच. घासलेल्या, खडबडीत जागी ते पटकन धरतात. गुळगुळीत पैलूवर आलेले बरेचसे कण परत द्रावणात जातात, म्हणून तो सावकाश वाढतो.

मग एका मुलाने नेमकं विचारलं, “जो पैलू भरभर वाढतो तोच शेवटी मोठा होणार ना?” सगळ्यांनी मान डोलावली. फळ्यावर मी कोपरे छाटलेला चौकोन काढला. छाटलेल्या बाजू लवकर पुढे सरकवल्या आणि मूळ बाजू हळू. दोन-तीन वेळा पुसून काढल्यावर छाटलेल्या बाजू आखूड होत होत टोकात संपल्या. चौकोन पुन्हा पूर्ण! भरभर वाढणारा पैलू स्वतःच नाहीसा होतो आणि मंद वाढणारे उरतात. तुरटीच्या साध्या द्रावणात अष्टफलकाचे आठ पैलू सगळ्यांत मंद, म्हणून गोटीवरच्या मधल्या पट्ट्या जाणार आणि ते आठ राहणार.

मुलीला हे पटलं, पण आवडलं नाही. “म्हणजे गोटी होणारच नाही?”

“द्रावणातून बाहेर काढून ठेवलीस तर राहील गोल.”

तिने क्षणभर विचार केला आणि बरणी घरी नेली. पुढे तिने आणला तो नीट अष्टफलक होता, एका कडेला जरा बोथट. खाच मात्र पक्की बसली.

तेव्हापासून मी प्रत्येकाला दोन बीजं निवडायला सांगते, एक जपायला आणि एक वाढल्यावर हवं तसं घासायला. घासल्यावर स्फटिक ओल्या फडक्याने पुसून मगच बरणीत सोडायचा, हेही सांगते. नाहीतर अंगाला चिकटलेली भुकटी तळाशी पडते, तिचेच असंख्य बारके स्फटिक वाढतात आणि द्रावणातली तुरटी तेच खाऊन टाकतात.